बाळंतपणाचा रकाना

कंपनीच्या मेडिकल कार्डाच्या फॉर्मवर बायकोच्या नावापुढे 'बाळंतपण' असा एक रकाना होता. त्यात मी 'गरज नाही' असं लिहिलं. शाईच्या पेननं, ठळक अक्षरात, आणि खाली रेघही मारली.

कारण अगदी साधं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आमच्याकडे हे कुणी ठरवत नाही, ते तसंच असतं. माझा जन्म आजोळी झाला, माझ्या आईचा तिच्या आजोळी झाला. बायकोचं माहेर सातारा. तिथं सासूबाई होत्या, अंगाला तेल लावणारी बाई ठरलेली होती, डिंक-अळीव होते. सौदीच्या वाळूत बसलेल्या विमा कंपनीचा या प्रकरणाशी काय संबंध? शिवाय लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, पाळणा हलायची चिन्हंही नव्हती, आणि माझ्या मागे फॉर्म भरणाऱ्यांची रांग. त्यांच्यादेखत 'बाळंतपण: हवं' असं लिहायचं म्हणजे माझे कानच लाल झाले.

आता सौदीत सगळं कायद्यानं बांधलेलं आहे. परदेशी माणूस नोकरीला ठेवायचा तर त्याचा, आणि बरोबर बायकामुलं असतील तर त्यांचाही, आरोग्य विमा मालकानं काढलाच पाहिजे. त्याशिवाय इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, मिळत नाही. हल्ली तिकडे असलेली आमच्यातली तरणी मुलं विम्याच्या नावानं कुरकुरतात, तेव्हा मला त्यांना धरून बसवावंसं वाटतं. आमच्या वेळी, इराकनं कुवेत गिळलं त्या सुमाराला, कामगार आजारी पडला तर मालकानं औषधपाणी बघावं एवढाच नियम होता. बायकामुलांचं जे काय व्हायचं ते मालकाच्या मर्जीवर. आमची कंपनी जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात देखभालीची कामं करायची. तिला काय सद्बुद्धी झाली कोण जाणे, तिनं आपण होऊन एका विमा कंपनीशी करार केला आणि आम्हा सगळ्यांना कार्डं द्यायचं ठरवलं.

आणि ही योजना लोकांना समजावून सांगायला कुणाला नेमलं? मला. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, विम्याशी माझा संबंध शून्य. पण मला हिंदी येतं, इंग्रजी येतं, आणि कुणी फळ्याजवळ उभं केलं की थांबवेपर्यंत मी बोलतो. मेसमध्ये जेवणाची टेबलं बाजूला सारून मी चांगल्या दोन संध्याकाळी भाषण ठोकलं. "भाइयों," मी म्हणालो होतो, "रकाना कोई भी हो, हाँ लिखो. मुसीबत पूछ के नहीं आती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग फळ्यापासून हटून मी माझा फॉर्म भरला.

पर्सोनेल ऑफिसात एक हैदराबादी कारकून होते, पन्नाशीचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी माझा फॉर्म हातात धरला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"इंजीनियर साब, ये क्या लिख दिए आप? हाँ लिख देव ना. आपका क्या जाता?"

"चाचा, हमारे में पहली डिलिव्हरी मायके में होती है."

"मायका किधर है?"

"सातारा."

चाचांनी फॉर्म गठ्ठ्यात सरकवला. "अच्छा. बच्चे कू मालूम है क्या, सातारा जाना है बोल के?"

रांग हसली. मीही हसलो. म्हणजे किती शहाणा होतो बघा.

उन्हाळ्यात बायकोला दिवस गेले. तोंडावर ऑगस्ट आला आणि कुवेत गेलं. कुवेतची सरहद्द जुबैलपासून गाडीनं काही तासांवर. ओळखीतली कुटुंबं भराभर भारतात परतू लागली. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई एका दुपारी मुलांना घेऊन गेल्या, त्या वाळत घातलेले कपडे दोरीवरच ठेवून. मी बायकोला म्हटलं, तूही जा. ती म्हणाली, "आत्ता गेले तर अख्खा सातारा म्हणेल नवऱ्याशी भांडून आली. सातव्यात जाईन, रीतीनं." मला ते लगेच पटलं. पटण्यामागचं खरं कारण असं, की मला फक्त आमटी करता यायची, आणि तीही तिनं केलेली गरम करता यायची.

सातवा लागला डिसेंबरात. मी टेलिफोन केंद्रावर रांग लावून साताऱ्याला फोन लावला आणि सासूबाईंना सांगितलं, तिकीट काढतोय.

"आत्ता?" सासूबाई ओरडल्या. फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "अहो, पौष लागलाय! पौषात कुणी लेकीला बाळंतपणाला आणतं का? पौष उलटू दे. माघ लागला की पाठवा, इथं डोहाळजेवणाचं सगळं ठरवते मी."

मी इंजिनिअर माणूस. प्रेशर गेज बिघडला तर त्याला हळदकुंकू लावत नाही. कुणी दुसऱ्यानं मला असं सांगितलं असतं तर त्याची खिल्ली उडवली असती. पण जावयानं सासूबाईंशी पौषावरून वाद घालायचा असतो का? आणि मध्ये संक्रांत होती, तिळगूळ होता, गुळाच्या पोळ्या होत्या. माघातल्या पहिल्याच दिवसाचं, दहरानहून मुंबईचं तिकीट मी काढलं.

त्याच सुमारास जगानं इराकला कुवेत सोडायची मुदत दिली होती. ती मुदत नेमकी पौष संपता संपता संपत होती. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. चाचांनी कॅलेंडरवर बोट ठेवून मला दाखवलंही.

"साब, तारीख के बाद की टिकट निकाले आप. तारीख के पहले की निकालना था ना."

"चाचा, इथं कुठलं काम दिलेल्या तारखेला झालंय? इकामा मागा, बुक्रा. गाडीची नंबरप्लेट मागा, बुक्रा. ही लढाईपण बुक्राच." बुक्रा म्हणजे उद्या. आणि उद्या म्हणजे कधीच नाही, हे तिथं आल्यावर पहिल्या महिन्यात कळतं.

मी एकच गोष्ट विसरलो. लढाई सौदीचं नंबरप्लेटवालं ऑफिस करणार नव्हतं.

पौष संपला. बॅग भरून दारात ठेवलेली होती, वर तिळगुळाचा डबा. पहाटे उठून चहा टाकला आणि रेडिओ लावला, तर बगदादवर बाँब पडत होते. दहरानचा विमानतळ प्रवाशांना बंद. बायको केस विंचरत होती, तिचा हात तसाच राहिला. मग तिनं कंगवा बॅगेत टाकण्याऐवजी पुन्हा आरशापुढे ठेवला. मी म्हटलं, "दोनचार दिवसांत मिटेल."

साताऱ्याला फोन लागायला पुष्कळ खटपट पडली. लागल्यावर मी धीर करून म्हटलं, "तुम्हीच म्हणालात पौष उलटल्यावर..."

"हो, पौष उलटल्यावर म्हणाले मी. लढाई सुरू झाल्यावर पाठवा म्हणाले होते का? पेपर येत नाही का तुमच्याकडे?"

मग माझी वणवण सुरू झाली. जेद्दाहून विमानं अधूनमधून उडत होती, पण जेद्दा म्हणजे वाळवंट ओलांडून देशाचं दुसरं टोक. तेवढ्या लांब गाडीनं न्यायला दवाखान्यातल्या डॉक्टरनं साफ नकार दिला. आणि आठवा लागलेल्या बाईला विमानात घेणार नाही असं विमान कंपनीनंही सांगितलं. तेव्हा मी तो रकाना आठवून विमा कंपनीच्या अल-खोबरच्या ऑफिसात फोन केला. म्हटलं, बाळंतपणाचं कलम आता घालून घ्यायचंय. पलीकडच्या लेबनानी गृहस्थांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, "आपल्या पत्नी सध्या गरोदर आहेत का?" मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "मग पुढच्या वेळी." आणि अभिनंदन करून फोन ठेवला.

चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "बारात दरवाजे पे आ गई और आप घोड़ा ढूँढने निकले." मग मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि वर सुनावलं, "पूरे कैंप कू समझाए आप. खुद कू कौन समझाता?"

तोवर घरात आम्ही एका न्हाणीघराला चिकटपट्ट्या मारून ठेवल्या होत्या. इराक क्षेपणास्त्रांतून विषारी वायू सोडेल अशी सगळीकडे भीती. सायरन वाजला की न्हाणीघरात जायचं, दाराच्या फटीत ओला टॉवेल दाबायचा, मास्क चढवायचे. मास्क कंपनीनं इकाम्यावर दिले, माणशी एक. बायकोचं नाव माझ्याच इकाम्यावर होतं, त्यामुळे तिचा मास्क मिळवायला मला तीन ऑफिसं पालथी घालावी लागली. पोटातल्या बाळाला मास्क कसा लावायचा हे मात्र कुणी सांगितलं नाही. बायकोनं एकदा विचारलं होतं. न्हाणीघरात उलट्या बादलीवर बसून, मास्कमधून, अगदी साध्या आवाजात. "मी श्वास घेतला की तो ह्यालाही मिळतो ना हो?" मी मान डोलावली. मास्कमध्ये एक बरं असतं, डोळे भरून आले तर काच धुरकटते आणि समोरच्याला काही दिसत नाही.

तिचे पाय सुजले होते. रक्तदाब वाढला होता. दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, इस्पितळात नाव घालून ठेवा. इस्पितळ म्हणालं, खाटा लढाईतल्या जखमींसाठी राखून ठेवायचा हुकूम आहे. तातडीचं असेल तर या, नाहीतर कंपनीचं हमीपत्र आणा. हमीपत्रावर सही करणारा आमचा मॅनेजर लढाईच्या पहिल्याच आठवड्यात 'महत्त्वाच्या मीटिंगला' जेद्दाला गेला होता. मीटिंग अजून चालू होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी सायरन झाला. बायकोला आठवा चालू होता. मी जेवायला घरी आलेलो. मी धावत जाऊन टॉवेल बादलीत बुडवला आणि तसाच, न पिळता, दाराकडे नेला. घाईत पिळायचं राहिलं. फरशीवर पाण्याचा लांबलचक ओघळ आला. बायको मागून येत होती, तिचा पाय सरकला आणि ती कुशीवर पडली.

पडल्याचा आवाज मोठा नव्हता.

"लागलं का?" मी विचारलं.

"पोटात कळ येतेय," ती म्हणाली. "टॉवेल नका दाबू आता. गाडी काढा."

ऑल क्लीअर व्हायची वाट न बघता निघालो. रस्त्यावर लष्कराच्या ट्रकांची रांग होती. एका वळणावर शिपायानं थांबवलं, आत डोकावून बायकोकडे बघितलं आणि रस्ता मोकळा करून दिला. बायको माझा दंड धरून बसली होती, कळ आली की बोटं रुतायची. माझ्या डोक्यात आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं एकच वाक्य गरगरत होतं: सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. ते मी तिला सांगितलं नाही. ती माझ्याइतकीच मराठी घरात वाढलेली, तिला माहीत होतं. आम्ही दोघं ते वाक्य न बोलता इस्पितळापर्यंत घेऊन गेलो.

इस्पितळाच्या दारात एका केरळी परिचारिकेनं तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं. खिडकीवर एक इजिप्शियन कारकून होता, गोरटेला, नीट भांग पाडलेला. त्यानं कार्ड बघितलं.

"बाळंतपणाचं कव्हर नाही," तो इंग्रजीत म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हणालो. "पण आईच्या जिवाला धोका असला तर तातडीचे उपचार द्यावेच लागतात. तसं कलम आहे. पुस्तिकेत बघा, शेवटून तिसरं पान." अख्ख्या कॅंपला मी हेच शिकवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या त्या भाषणाचा मला उपयोग होत होता.

त्यानं पुस्तिका काढली, पान उघडलं, वाचलं आणि मान डोलावली. बरोबर होतं. पेन उचललं. माझ्या छातीवरचा धोंडा हलला.

"काय झालं?" त्यानं विचारलं. लिहायला तयार होता.

'पडली' एवढा एक शब्द पुरला असता. पण मला वाटलं, परिस्थिती किती गंभीर आहे ते ह्याला नीट कळू दे. माणूस आहे, कळवळा येईल.

"सायरन झाला," मी म्हणालो, "क्षेपणास्त्र येणार म्हणून आम्ही धावलो, ती घाबरून..."

त्याचं पेन थांबलं. त्यानं पान उलटलं. पुढच्याच पानावर होतं: युद्ध आणि युद्धामुळे उद्भवलेलं काहीही या विम्यात बसत नाही. तेही मीच शिकवलं होतं. त्या भागावर फार कुणी लक्ष दिलं नव्हतं, मीसुद्धा.

"युद्धामुळे," तो म्हणाला.

"नाही, नाही! क्षेपणास्त्र पडलंच नाही. ती ओल्या टॉवेलच्या पाण्यावरून घसरली!"

"टॉवेल ओला का केला होता?"

"वायू आत येऊ नये म्हणून."

"वायू कोण सोडणार होतं?"

"इराक."

"मग?" त्यानं हात पसरले. वाईट वाटल्यासारखं तोंड केलं होतं त्यानं, आणि मला वाटतं खरंच वाईट वाटत होतं. "मी काय लिहू, सांगा तुम्ही."

खुर्चीतून बायको म्हणाली, "अहो, तुम्ही आधी गप्प बसा." तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी गप्प बसलो नाही. मी हात जोडले. त्या माणसाला मराठीत, हिंदीत, मोडक्या अरबीत सांगत सुटलो. नोकरी गहाण ठेवतो, गाडी ठेवून घ्या, मी फरशी पुसतो. आठव्यातलं जगत नाही हो, असंही त्याला मराठीत सांगितलं. जे बायकोसमोर बोलायचं नाही असं ठरवलं होतं, ते तिच्यासमोरच आणि एका इजिप्शियनाला. ती डोळे मिटून बसली. तो एवढंच म्हणत राहिला, "हमीपत्र आणा. नाहीतर दम्मामला सरकारी इस्पितळात जा."

दम्माम! त्या ट्रकांच्या रांगेतून!

तेवढ्यात आतून एक उंच सुदानी डॉक्टरीण बाई आल्या, पांढऱ्या कोटाखाली काळा झगा, डोक्याला रुमाल. माझा आवाज ऐकून आल्या असाव्यात. त्यांनी आमच्याकडे बघितलंच नाही, सरळ बायकोच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. मग तिच्या डोळ्यांकडे बघितलं, विचारलं, "डोकं दुखतंय? डोळ्यांपुढे ठिपके दिसतात?" बायकोनं हो म्हणून मान हलवली. बाईंनी खुर्चीची मूठ धरली.

"दुकतूरा, कव्हर नाही," कारकून म्हणाला.

"कागद ह्याच्याकडून घे," बाई म्हणाल्या. "बाई माझ्याकडे दे." आणि खुर्ची घेऊन गेल्या. दारं आपोआप मिटली.

मी खिडकीशी उरलो. माझा इकामा कारकुनानं काढून घेतला आणि समोरचा फोन माझ्याकडे सरकवला. हा चांगुलपणा मी त्याच्या नावावर मांडून ठेवला आहे. मी चाचांना लावला आणि बोलण्याऐवजी हुंदके देऊ लागलो.

"रोना बाद में," चाचा म्हणाले. "हॉस्पिटल कौनसा, वो बोलो." मी ते सांगितलं, टॉवेलचंही सांगितलं. "मैनेजर तो जेद्दा में है. मैं कफील के घर कू जाता." कफील म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही त्या देशात होतो तो सौदी मालक. कागदावर त्याचं नाव मी शेकडो वेळा लिहिलं होतं, माणूस कधी बघितला नव्हता.

फोन ठेवला आणि पुन्हा सायरन झाला.

सगळ्यांनी मास्क चढवले. कारकुनानं चढवला, झाडू मारणाऱ्यानं चढवला, बाकावरच्या म्हातारीला तिच्या मुलानं चढवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आमचे दोन्ही मास्क न्हाणीघरात खुंटीला आहेत. मी त्या मिटलेल्या दारांकडे धावलो. एका रखवालदारानं मला कमरेला धरलं. आत माझी बायको, आणि तिच्या आत ते, दोघंही मास्कशिवाय, आणि मी बाहेर, नाकाला रुमाल लावून. मी कारकुनाला ओरडून म्हटलं, आत जाऊ द्या, नुसतं जाऊ द्या. त्यानं मास्कच्या आतून काहीतरी सांगितलं. घुमत्या आवाजात मला एवढंच कळलं, की हमीपत्राशिवाय आत सोडता येत नाही.

मी बाकाशेजारी खाली बसलो. देवाचं नाव घ्यावं तर एकही आठवेना. रामरक्षा मला लहानपणी सबंध पाठ होती, पण पहिली ओळ झाली की मी पुन्हा पहिल्या ओळीवर यायचो. ती ओळ मी किती वेळा म्हटली कुणास ठाऊक. मग लांबून एक दबका आवाज आला, काचा थरथरल्या, आणि पुढे काहीच झालं नाही. काही वेळानं लोकांनी मास्क काढले. सगळ्यांच्या गालांवर रबराचे वळ होते. मला वाटलं, आता कुणीतरी येऊन सांगेल. कुणी आलं नाही.

चाचा आले ते मास्कची पेटी खांद्याला लटकवून, हातात कागद. कफील घरीच होते, कुठंही पळाले नव्हते, चहा पीत बसले होते.

"मैं सब बोला," चाचा म्हणाले. "रकाना, टॉवेल, सब. वो इत्ताच पूछे, औरत जिंदा है? मैं बोला, है. बस, मुहर मार दिए. यल्ला बोले, जल्दी जाव."

कारकुनानं कागद उजेडाला धरला, शिक्का बघितला, माझा इकामा परत दिला आणि म्हणाला, "मबरूक." म्हणजे अभिनंदन. कशाचं, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. आता मी कोण, माझं कार्ड कुठलं, पैसे कोण देणार, हे सगळं नीट कळलं होतं. आत काय चाललंय तेवढंच कळत नव्हतं. त्या शिक्क्याचं हमीपत्र फक्त खाटेची हमी देतं, हे मला तेव्हा समजलं. माझ्या दोन संध्याकाळच्या भाषणांत हे नव्हतं.

चाचा माझ्या शेजारी बसून राहिले. त्यांनी तसबी काढली आणि मणी ओढू लागले. मी रडत होतो, थांबत होतो, पुन्हा रडत होतो. एकदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मग जड वाटला म्हणून काढून घेतला असावा. बाहेर दुपारच्या असर नमाजाची बांग झाली, मग सूर्यास्ताच्या मगरिबची झाली. येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कोटापुढे मी उभा राहायचो आणि तो कोट मला वळसा घालून जायचा.

शेवटी ती दारं उघडली. डॉक्टरीण बाई आल्या. मास्क त्यांच्या गळ्यात लोंबत होता. नंतर बायकोनं सांगितलं, सायरन झाला तेव्हा काचेतून सुई टोचायची शीर नीट दिसेना म्हणून बाईंनी मास्क काढून टाकला होता.

"मुलगी," बाई म्हणाल्या. "फार लहान आहे. काचेच्या पेटीत ठेवलीये. पण श्वास स्वतःचा स्वतः घेतेय. आईचा रक्तदाब उतरतोय, तिला आज भेटू नका."

"डॉक्टर, आमच्याकडे म्हणतात की आठव्या महिन्यातलं मूल..." मी तिथंच, चाचांच्या खांद्यावर डोकं टाकून, भोकाड पसरलं.

बाईंनी हातमोजे काढता काढता माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मुलगी एकदा रडली आणि गप्प झाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी गप्प होणार?"